शस्त्र लपवायचं कुठे?

मंडळी, या विकांताचा विषय जरा वेगळा आहे.

अमेरिकेत कपड्यांखाली पिस्तूल बाळगणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. पिस्तूल अंगावर ठेवायचं कुठे? कमरेला, बगलेत, घोट्याला की खिशात? कमरेचं पटकन हाताला लागतं, पण शर्ट वर सरकला की दिसतं. घोट्याचं दिसत नाही, पण काढायला वाकावं लागतं आणि समोरचा तोवर थांबत नाही. लपवणं आणि चटकन हाती येणं, दोन्ही पूर्ण मिळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ट्रेड-ऑफ म्हणतात आणि त्यावर तासभर मीटिंग होते.

आपल्याकडे परवाना काढल्याशिवाय पिस्तूल बाळगताच येत नाही, त्यामुळे हा वाद आपल्याला परका वाटतो. पण जरा आठवून बघा. 'अस्तनीतला निखारा' आणि 'मुख में राम, बगल में छुरी' आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. अस्तनी आणि बगल, जागा ठरलेल्याच आहेत! आणि महाराष्ट्राच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली भेट तर याच प्रश्नाभोवती फिरते.

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सांगत नाही. फक्त कोणाच्या अंगावर काय होतं आणि कुठे होतं, एवढंच पाहू.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात हा तपशील आहे. महाराजांच्या अंगात चिलखती कुडती, डोक्याला मंदील, डाव्या हातात वाघनख, उजव्या हातात बिचवा. लांब हत्यारं, म्हणजे पट्टा, फिरंग आणि ढाल, सोबतच्या जिवा महाला आणि संभाजी कावजीकडे. खानाकडे जमदाड, म्हणजे कट्यार. आणि अंगात? नुसता झगा. चिलखत नाही.

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. भेट म्हणजे आलिंगन. आलिंगनात तलवार निरुपयोगी, कारण ती उपसायला हातभर जागा लागते आणि इथे वीतभरसुद्धा नाही. कमरेच्या कट्यारीला निदान म्यानातून बाहेर यावं लागतं. वाघनखाला म्यानच नाही. दोन टोकांना दोन अंगठ्या, मध्ये पट्टी, पट्टीवर वळलेल्या नख्या. अंगठ्या बोटांत, नख्या तळव्यात. मूठ मिटली की बाहेरून फक्त दोन अंगठ्या दिसतात, आणि सरदाराच्या बोटात अंगठ्या बघून कोण दचकणार? उपसायला लागणारा वेळ शून्य. पण पोच जेमतेम बोटभर, म्हणजे समोरच्याने मिठी मारली तरच उपयोग. बिचवा नांगीसारखा वाकडा आणि आखूड, तो त्याहून थोडा खोल जातो. बखरीतला क्रमही तसाच आहे. खानाने महाराजांची मान काखेत दाबून कुशीत कट्यार चालवली, ती कुडतीवर खरखरली, मग डाव्या हाताचं वाघनख आणि त्यामागून उजव्या हाताचा बिचवा.

हे सगळं असंच घडलं का? तर परमानंदाच्या 'शिवभारता'त हत्यार म्हणून तलवार येते. म्हणजे समकालीन आणि जवळच्या साधनांतही एकमत नाही. वाघनख लोकांच्या मनात बसलं ते बखरींमुळे, आणि पुढे एका साहेबामुळेही. जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. त्याला मिळालेलं एक वाघनख त्याच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलं. २०२४ मध्ये ते ठराविक मुदतीसाठी साताऱ्याला आलं आणि २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यातही होतं. कळमेश्वरहून तासाभराची वाट! हे तेच वाघनख आहे असं म्युझियम स्वतःसुद्धा खात्रीने म्हणत नाही. पण ते बघितल्यावर एक गोष्ट पटते: तळव्यात मावेल, दिसणार नाही आणि जवळ आल्याशिवाय चालणार नाही, अशाच मापाने ही वस्तू घडवली आहे.

आता खरा मुद्दा. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग सरळसरळ दगा म्हणून रंगवला. लपवलेलं हत्यार हाच त्याचा पुरावा. जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये साधनं तपासून उलट निकाल दिला, की पहिला वार खानाचा. त्याआधी जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवराज्याभिषेक उत्सवात टिळकांनी तिसराच रस्ता धरला. घटकाभर धरून चालू की महाराजांनीच आधी बेत केला, तरी स्वार्थासाठी नसलेल्या कृत्याला साधा नीतिनियम लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. १५ जूनच्या 'केसरी'त वृत्तांत आला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची सजा झाली. म्हणजे तळव्यात काय होतं हा प्रश्न अडीचशे वर्षांनी तुरुंगापर्यंत नेऊ शकत होता.

मला वाटतं, हत्यार लपवलं होतं एवढ्यावर निकाल देणं चूक आहे. कुठे काय होतं ते सगळं एकत्र वाचायला हवं. कपड्याखालचं चिलखत समोरच्याने वार केला तरच कामाला येतं. ते घालून जाणाऱ्याला दगाफटक्याची अपेक्षा आहे, आणि ती उगाच नव्हती. शरण यायला भेटीला आलेल्या शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला खानाने मारल्याचं माहीत होतं. याउलट खानाचा झगा सांगतो की याच्याकडून आपल्याला धोका आहे असं खानाच्या मनातही नव्हतं. पहिला हात कोणी उचलला हे कपड्यांवरून सिद्ध होत नाही, कारण वाघनख बचावालाही चालतं आणि चढाईलाही. पण कोण कशाची भीती धरून आला होता, हे मात्र स्पष्ट दिसतं.

हाच चष्मा पुढच्या प्रसंगांना लावून बघा. त्याच २२ जून १८९७ च्या रात्री दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर गणेशखिंडीला गेले तेव्हा त्यांच्याजवळ पिस्तुलंही होती आणि तलवारीही. राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाची गर्दी, डोंगरांवर होळ्या पेटलेल्या, सगळीकडे उजेड. अशात तलवार अंगावर लपते कुठली? ती त्यांनी एका मोरीखाली दगडाआड ठेवून दिली आणि काम पिस्तुलांवर सोपवलं.

बारा वर्षांनी तोही प्रश्न सुटला. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. रिव्हॉल्व्हरचं फिरतं चाक नसल्यामुळे ब्राउनिंग चपटं असतं, कपड्याखाली फुगवटा येत नाही. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला, तेव्हा अनंत कान्हेरे प्रेक्षकांत बसलेला होता. सरकारला ते पोर दिसलं, पिस्तूल दिसलं नाही. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला, कर्व्यांना आणि देशपांड्यांना फाशी झाली.

आणि शेवटचा प्रसंग, उलट्या बाजूचा. २२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेजची लायब्ररी. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. एक नेमकी छातीवर लागली, पण खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर. हॉटसन वाचला. प्रतापगडाखाली जे काम विचार करून घातलेल्या कुडतीने केलं, ते इथे एका बटणाने केलं, योगायोगाने.

तीनशे वर्षांत हत्यार तळव्यातून खिशात आलं, पोच बोटभरावरून नाट्यगृहाच्या रांगांपर्यंत गेली. बदललं नाही ते एकच: लपवलेलं हत्यार नेहमी माणसाच्या विश्वासाच्या जागी बसतं. मिठी, उत्सव, नाटक, लायब्ररी. म्हणून हत्यारापेक्षा ती जागा जास्त लक्षात राहते, आणि म्हणूनच तिच्यावरचे वाद संपत नाहीत.

असो. सोमवारी ऑफिस आहे.