टेल्मान्यी, एमिल
(२२ जून १८९२ – १३ जून १९८८). हंगेरियन वंशाचे डॅनिश व्हायोलिनवादक व संगीतसंचालक. जन्म अराद (आता रुमानियात) येथे. बुडापेस्टमध्ये येनो हुबाई यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९११ मध्ये बर्लिनमधील पदार्पणाने त्यांचे नाव झाले.

१९१८ मध्ये डॅनिश संगीतकार कार्ल नील्सन यांच्या धाकट्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि डेन्मार्क हीच त्यांची कर्मभूमी ठरली. नील्सन यांच्या उत्तरकालीन व्हायोलिनरचनांमागे या जावयाचे वादन आहे. १९२३ ची एकल ‘प्रेल्यूड, थीम आणि व्हेरिएशन्स’ त्यांच्यासाठीच लिहिली गेली. नील्सन यांच्या बासरी कन्चेर्टोचा पॅरिसमधील पहिला प्रयोगही (१९२६) त्यांनीच संचालित केला.

त्यांचे सर्वांत धाडसी काम मात्र ‘वेगा’ गजाचे. व्हायोलिनची घोडी वक्राकार असल्याने नेहमीचा गज चारही तारांना एकदम भिडत नाही. त्यामुळे संगीतकार बाखच्या एकल व्हायोलिनरचनांतील चार स्वरांचे संघात तोडून वाजवावे लागतात. कारागीर क्नुड वेस्टरगार्ड यांनी बनवलेल्या या कमानदार गजाचे केस अंगठ्याने तरफ दाबून सैल वा ताठ करता येत. सैल केस चारही तारांवर पसरले की संघात अखंड, ऑर्गनसारखा भरीव उमटे. या गजाने त्यांनी १९५४ मध्ये बाखचे एकल सोनाटे व पार्टिटा डेक्कासाठी ध्वनिमुद्रित केले. बाखच्या काळी असा गज असल्याचा पुरावा नाही, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. तरीही या मुद्रणातील ‘शाकॉन’ या रचनेतील स्वरांची ती सलग भिंत आवर्जून ऐकावी.

आर्हुसच्या संगीत विद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. होल्टे येथे त्यांचे निधन झाले.