भिंत की वाट? रोमन रस्त्यांचा नवा नकाशा

पवित्र शास्त्राच्या अखेरच्या पानांवर संत पौलाच्या प्रवासांचा नकाशा बहुधा छापलेला असतो. त्यात एक रंगीत रेषा पेर्गा नगराहून निघते आणि पिसिदियातील अंत्युखियाला सरळ जाऊन भिडते. वाटेत तौरस पर्वताच्या रांगा उभ्या आहेत आणि समुद्रसपाटीवरून हजार मीटरहून अधिक उंचीच्या पठारावर चढून जायचे आहे, याची त्या रेषेला वार्ताही नसते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानेही तो प्रवास एका वाक्यात आटोपता घेतला आहे. परंतु ऑगस्टस सम्राटाने इ. स. पू. ६ मध्ये या प्रदेशात ‘व्हिया सेबास्ते’ नावाचा राजमार्ग बांधविला होता, त्यावरील मैलाचे दगड सापडले आहेत आणि दोशेमे खिंडीत त्याची दगडी फरसबंदी अद्यापि दिसते. पौल व बर्णबा याच मार्गाने वर चढले असावेत, असे अनेक विद्वान मानतात. छापील रेषेपेक्षा ही वळणावळणाची चढण पुष्कळ लांबीची आहे.

प्राचीन रस्ते आज जमिनीवर सलग दिसत नाहीत. कोठे एखादा पूल शिल्लक राहतो, तर कोठे शेताच्या बांधात अंतर कोरलेला स्तंभ सापडतो. जुन्या ग्रंथांतून मुक्कामांची नावे व त्यांमधील अंतरे तेवढी मिळतात. ‘अँटोनाइन मार्गदर्शिका’ ही तशीच एक यादी आहे. इ. स. ३३३ मध्ये बोर्डो येथून जेरुसलेमला गेलेल्या एका अनामिक यात्रेकरूनेही प्रत्येक मुक्काम व घोडे बदलण्याचे प्रत्येक ठिकाण टिपून ठेवले. व्हिएन्नातील ग्रंथालयात ‘प्यूटिंगर पट’ आहे. ही एका जुन्या रोमन नकाशाची मध्ययुगीन प्रत. तिची लांबी पावणेसात मीटर, उंची मात्र हातभरही नाही. त्यामुळे भूमध्य समुद्र फितीसारखा चेपला गेला आहे. परंतु रस्ते व अंतरे मात्र आस्थेने नोंदलेली आहेत. त्याच्या पूर्व टोकाला आपल्या मलबार किनाऱ्यावरील मुझिरिस बंदर दाखविले असून त्याशेजारी ऑगस्टसचे देवालय काढले आहे.

हे सारे तुकडे एकत्र जोडण्याचे काम आता संगणकावर होते. प्रथम जुने नकाशे, उत्खननांचे अहवाल व उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे एकाच मापनपद्धतीवर बसवितात. मग दोन निश्चित स्थळांमधून रस्ता कोठून गेला असेल, हे भूमीच्या उंचसखलपणावरून ताडतात. चढ किती, नदीचा उतार कोठे, खिंड कोणती, याचा हिशेब यंत्र करते. हा हिशेब उपयुक्त असला तरी तो पुरावा नव्हे. स्वस्तात स्वस्त वाट कोणती, हे यंत्र सांगते. सेनापतीने किंवा सावकाराने ती का टाळली असेल, हे त्याला कसे कळावे?

डेन्मार्क व स्पेनमधील विद्वानांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इटिनेर-ए’ हा नकाशा या कामाचे मोठे फलित होय. इ. स. १५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात असलेल्या रस्त्यांची लांबी त्याने २,९९,१७१ किलोमीटर भरविली आहे. पूर्वीच्या संग्रहात हा आकडा सुमारे १,८८,५५५ होता. वाढ झाली ती काही अंशी नवीन प्रदेशांची माहिती मिळाल्यामुळे आणि काही अंशी सरळ रेषा डोंगराच्या कडेने वळविल्यामुळे. या आकड्याचा पुष्कळ गवगवा झाला. मला मात्र त्याच निबंधातील दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. ज्यांचे स्थान नेमकेपणाने ठाऊक आहे असे रस्ते एकूण लांबीच्या अवघे २.७ टक्के, म्हणजे आठ हजार किलोमीटरांहून थोडे अधिक. सुमारे ९० टक्के रस्त्यांची दिशा ठाऊक आहे, पण नेमकी जागा नाही; उरलेले निव्वळ अनुमान. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या खात्रीची प्रत नोंदविली आहे, हे या कर्त्यांचे खरे प्रामाण्य. छापील नकाशात ठाम रेषा व संशयित रेषा बहुधा सारख्याच जाडीच्या असतात आणि वाचक दोहोंवर सारखाच विश्वास टाकतो.

अशा विश्वासाची परीक्षा कशी होते, याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना जिव्हाळ्याचे वाटेल. येशूसंघाचे फ्रेंच धर्मगुरू आंत्वान प्वादबार (१८७८–१९५५) हे बैरुत येथे राहत. १९२५ ते १९३२ या काळात फ्रेंच सैन्याच्या विमानांतून त्यांनी सीरियाच्या वाळवंटावर पुनःपुन्हा उड्डाणे केली. तिरप्या उन्हात जमिनीवरील किंचित उंचवट्याचीही सावली पडते आणि पायी चालणाऱ्याला न दिसणारी गढी किंवा वाट वरून स्पष्ट होते, हे त्यांनी हेरले होते. १९३४ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात ११६ गढ्यांची नोंद होती. त्या उत्तर-दक्षिण ओळीने उभ्या असून पूर्वेकडील पर्शियन व भटक्या टोळ्यांना थोपविणारी ती साम्राज्याची सीमा होती, असा त्यांचा सिद्धान्त. तो जवळजवळ नव्वद वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकला.

पुढे अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी अंतराळातून घेतलेली ‘कोरोना’ छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांवर, आणि नंतर खुल्या झालेल्या ‘हेक्सागॉन’ चित्रांवर, अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेसी कसाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी तैग्रिसकाठच्या मोसूलपासून अलेप्पोपर्यंतचा प्रदेश तपासला. २०२३ मध्ये त्यांनी पूर्वी नोंद नसलेल्या ३९६ गढ्या जाहीर केल्या. त्या एका ओळीत नाहीत. पूर्व-पश्चिम साऱ्या प्रदेशात विखुरलेल्या आहेत. म्हणजे ही भिंत नसून तांड्यांची, व्यापाऱ्यांची व सैन्याची ये-जा सुरक्षित ठेवणारी मुक्कामांची साखळी असावी, असे त्यांचे मत. यांतील बहुतेक जागी उत्खनन झालेले नाही आणि केवळ छायाचित्रावरून काळ ठरत नाही, म्हणून वाद मिटला असे मी म्हणणार नाही. तथापि प्वादबार यांची ओळ का दिसली, याचे उत्तर पटण्यासारखे आहे: त्यांची विमाने जेथून गेली तेथेच त्यांना गढ्या दिसल्या.

सीमा ही भिंत होती की वाट, हा प्रश्न ख्रिस्तमंडळाच्या इतिहासाशीही निगडित आहे. याच पट्ट्यात एदेस्सा व निसिबिस ही सिरियाक ख्रिस्ती विद्येची केंद्रे होती. ३६३ मध्ये निसिबिस पर्शियनांच्या हाती गेल्यावर संत एफ्रेम एदेस्सास आले. पुढे ४८९ मध्ये एदेस्साची विद्यापीठशाळा सम्राटाने बंद केली, तेव्हा तेथील गुरुजन उलट दिशेने, पर्शियन राज्यातील निसिबिसलाच गेले. पूर्वेच्या मंडळीचे प्रेषितकार्य पर्शियातून पुढे भारताच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले, ते ज्या प्रदेशातून निघाले तो बंद असता तर ही ये-जा समजणे कठीण झाले असते.

प्वादबार यांच्या ११६ गढ्यांपैकी कोरोना-हेक्सागॉन चित्रांवर केवळ ३८ ओळखता आल्या. नांगरट, पाटबंधारे व वाढती गावे यांनी अनेक गिळल्या. फुरात नदीवरील तबका धरणाच्या जलाशयाखालीही पुष्कळ प्राचीन स्थळे गेली. त्यांपैकी कित्येकांचा अखेरचा साक्षीदार आता त्या फ्रेंच फादरांनी विमानातून टिपलेली छायाचित्रेच आहेत आणि नव्या नकाशाचे कर्तेही त्यांचा सिद्धान्त बाजूस ठेवून त्या छायाचित्रांकडे वळतात.