माजिवड्याचा तिठा

ठाण्याच्या उत्तर अंगास माजिवडा म्हणून एक जुनें गांव आहे. शहर वाढत वाढत त्याच्या भोंवतीं असें पसरलें, कीं आज गांवापेक्षां तिठ्याच्या नांवानेंच तें अधिक ओळखलें जातें. मुंबईहून आलेला आग्रा रस्ता येथें फुटतो. एक फांटा खाडी ओलांडून भिवंडीच्या बाजूनें शहापूर-कसाऱ्याकडे वळतो व थळ घाट चढून नाशकास जातो. दुसरा गायमुखाच्या चढणीनें, वसईच्या खाडीच्या कडेकडेनें घोडबंदर गांठून अहमदाबादच्या रस्त्यास मिळतो. नकाशावर ही जागा बोटाखालीं झांकली जाईल एवढीच. परंतु येथें एखादा टँकर आडवा झाला, तर त्याचा धक्का नाशकाच्या वाटेस आणि वसईच्या पुलास एकदमच जाणवतो.

ह्या वाटेनें माल नेणाऱ्यास अडथळा ही कांहीं मोटारीच्या युगाची नवी देणगी नव्हे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर घाटावरचें धान्य खालीं आणीत आणि कोंकणचें मीठ वर नेत, तेव्हां त्यांची वाट अडे ती घाटाच्या चढणीपाशीं आणि खाडीच्या पाण्यापाशीं. पूल नसे तेथें नावेनें पार व्हावें लागे. आणि नाव भरती-ओहोटीच्या तंत्रानें चाले. १८०५ सालीं शीवचा बांध पुरा झाला, तेव्हां कोठें मुंबई बेट व साष्टी ह्यांच्यामध्यें पायीं अथवा गाडीनें जाण्याची सोय झाली. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली, १८५४ सालीं ती कल्याणास गेली, आणि १८६५ सालीं थळ घाट चढून वर पोंचली. आतां गाडीवानाचे दिवस भरले, असें त्या काळीं कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. गाडीवान मात्र नाहींसा झाला नाहीं. त्यानें कासरा टाकला आणि चाक हातीं घेतलें, इतकेंच.

१९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि ह्या तिठ्यावरील भाराचें स्वरूपच पालटलें. बंदरांतून गुजराथेकडे निघालेला कंटेनर पनवेल, शिळफाटा, मुंब्र्याच्या डोंगरालगतचा वळणरस्ता, खारेगांव, माजिवडा आणि घोडबंदर अशा कड्यांच्या साखळीनें जातो. ह्यांपैकीं एक कडी निखळली, कीं सारी साखळी लोळागोळा होते. २०१३ च्या अखेरीस वसईच्या खाडीवरील वर्सोव्याच्या जुन्या पुलास भेग आढळली आणि अवजड वाहनांस तो बंद झाला. घोडबंदरचा रस्ता डोळ्यांपुढें मोकळा दिसत असतांहि मालमोटारीनें भिवंडीस जावें, अंजूर फाट्यावरून कामण, चिंचोटी करीत पुन्हा पश्चिमेस यावें, अशी पाळी आली. २०१६ सालीं तोच प्रसंग पुन्हा ओढवला. नवा पूल वाहतुकीस मिळाला तो २०२३ सालीं.

२०१८ सालच्या मे महिन्यांत मुंब्र्याचा वळणरस्ता दुरुस्तीसाठीं बंद करण्यांत आला, तो सप्टेंबरपर्यंत. मधला सारा पावसाळा त्याचें ओझें इतरांनीं वाहिलें: कांहीं ऐरोलीनें मुलुंडकडे, कांहीं काटईवरून कल्याणच्या पत्रीपुलाकडे. योग असा, कीं शंभरी उलटलेला तो पत्रीपूलहि त्याच वर्षीं धोक्याचा ठरून बंद झाला आणि नोव्हेंबरांत पाडण्यांत आला. त्याच्या जागीं नवा पूल येण्यास २०२१ चा जानेवारी उजाडला. एक रस्ता मिटवून दुसऱ्यावर भार टाकावयाचा, तर दुसरा तितका धड आहे काय, हें आधीं पाहावयास नको काय?

ह्या वळशांचा भुर्दंड कोणावर पडतो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. बहुतेक चालकांस खेपेमागें ठराविक रक्कम मिळते. वाट लांबली म्हणून मोबदला त्याच प्रमाणांत वाढतोच असें नाहीं. जेवण आणि झोंप मात्र हटकून कमी होते. त्यांतच गर्दीच्या वेळीं शहरांतून अवजड वाहनांस मज्जाव असतो, म्हणून तासन्‌तास खाडीपलीकडे रांगेंत उभें राहावें लागतें. जकात होती तोंपर्यंत मुलुंडच्या नाक्यावर आणखी एक रांग असे. ती १ जुलै २०१७ रोजीं मिटली. मिटलेली अशी ही एकच रांग.

गाडी बंद पडली, तर चालक व क्लीनर मागें दगड रचतात आणि हिरवी फांदी खोंवतात. रात्रीं दिसण्यासारखी ही खूण नव्हे, आणि गाडी निघून गेल्यावर दगड तेथेंच राहिले तर तेच दुसऱ्या अपघाताचें कारण होतात. परंतु हातीं दुसरें कांहीं नसतां शोधलेली ही युक्ति आहे, तेव्हां तिला नुसतीं नांवें ठेवून भागणार नाहीं.

खरा पेंच पडतो तो माणूस दगावला तर. हयगयीनें मृत्यु घडविण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षेचें कलम भारतीय दंडविधानांत १८७० सालीं घातलें गेलें. म्हणजे मोटार जन्मास येण्यापूर्वीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकावर बंधन घातलें, कीं जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी व पोलिसांस खबर द्यावी. मात्र त्याच कलमांत, जमावाच्या प्रक्षोभामुळें मदत देणें शक्य नसेल तर ती गोष्ट वेगळी, असा अपवादहि आहे. अपघातानंतर रस्त्यावर काय होतें, हें कायदा करणारांस ठाऊक होतें, असेंच म्हणावें लागेल.

डिसेंबर २०२३ मध्यें नवी न्याय संहिता मंजूर झाली. हयगयीच्या वाहन चालविण्यानें मृत्यु घडवून, पोलिसांस अगर मॅजिस्ट्रेटास तात्काळ खबर न देतां पळून जाणारास तिच्यांत दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. चालकांचें म्हणणें असें, कीं थांबावें तर जमाव जिवावर उठतो, न थांबावें तर दहा वर्षें. मृताच्या घरच्यांचें दुःख ह्या युक्तिवादानें हलकें होत नाहीं; जखमीस रस्त्यावर टाकून जाणारा चालक त्यांनींच पाहिलेला असतो. पण भीति खोटी होती असेंहि म्हणतां येत नाहीं. १ जानेवारी २०२४ रोजीं देशभर चालकांनीं चाकें थांबविलीं. टँकर उभे राहिले, आणि ज्यांनीं मालमोटारीकडे कधीं वळून पाहिलें नव्हतें तेहि पेट्रोलसाठीं रांगेंत आले. दुसऱ्या दिवशीं रात्रीं, वाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेशीं विचारविनिमय केल्यावांचून हें कलम लागू करणार नाहीं, असें सरकारनें सांगितलें. १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली, तेव्हां तेवढें एक पोटकलम बाजूस ठेवण्यांत आलें होतें. १९८८ च्या कायद्यांतले जमावाविषयींचे शब्द मात्र होते तेथेंच राहिले.