बहुवारिक वितळाचा प्रवाह आणि स्फटिकीभवन

बहुवारिकाचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. ते वितळवून थंड केल्यावर बनणारे स्फटिक केवळ तापमानावर अवलंबून नसतात; वितळ कसा वाहिला, यावरही त्यांची घडण ठरते. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शेतांत दिसणारी ठिबक सिंचनाची पॉलिएथिलीन नळी हे याचे परिचित उदाहरण होय. ती घडताना वितळ ओढला जातो व रेणू काहीसे लांबीच्या दिशेने ताणले जातात.

अँड्रू केलर यांनी 1957 मध्ये ब्रिस्टल येथे पॉलिएथिलिनाच्या साखळ्या स्फटिकात घड्या पडून बसतात, असे दाखविले. परंतु ते स्फटिक स्थिर विद्रावातील होते. 1965 मध्ये पेनिंग्ज व कील यांनी झायलिनातील विद्राव ढवळत ठेवला, तेव्हा तंतुमय स्फटिक मिळाले. ताणलेल्या साखळ्यांचा मध्यभागी धागा व त्यावर घडीच्या साखळ्यांच्या चकत्या, अशी ही रचना असते. तिला ‘शिश-कबाब’ हे नाव रूढ झाले. ओवलेल्या चकत्यांची माळ म्हटल्यास चित्र अधिक नेमके होईल.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना 1950) रघुनाथ माशेलकर 1976 मध्ये आल्यानंतर बहुवारिक प्रवाहाच्या अभ्यासाला जोर आला. या प्रयोगशाळेत पुढे अनेक वर्षे संशोधन केलेले गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी अमेरिकेत कॉर्नफील्ड यांच्यासमवेत केलेले कार्य 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलिप्रोपिलिनाचा वितळ अल्पकाळ कर्तनाखाली, म्हणजे थरांवर थर सरकतील असा, वाहविला, तरी नंतरचे स्फटिकीभवन बरेच त्वरेने होते, असे त्यात दिसून आले. प्रवाह थांबला तरी त्याची खूण वितळात राहते.

संमिश्रांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कार्बन तंतूंची प्रचलित संमिश्रे बहुधा एपॉक्सी रेझिनाची असतात आणि त्यांत स्फटिकीभवनाचा प्रश्नच येत नाही. 1978 मध्ये प्रथम बनविलेले पॉलिईथर ईथर कीटोन हे मात्र 343° से.च्या आसपास वितळणारे, अंशतः स्फटिकी द्रव्य होय. त्याचा अतिशय श्यान वितळ 5 ते 7 मायक्रोमीटर व्यासाच्या तंतूंमधील फटींतून दाबावा लागतो. तंतूंच्या पृष्ठावर स्फटिककेंद्रके दाटीने उपजली, तर स्फटिकांना बाजूस वाढण्यास जागा राहत नाही. ते पृष्ठाशी काटकोनात वाढून थर बनतो. त्याचे श्रेय पूर्वी सरसकट तंतूच्या पृष्ठास दिले जाई. 1990 नंतरच्या दशकात व्हार्गा व कार्गर-कोचिश यांनी पॉलिप्रोपिलिनाच्या वितळातून तंतू ओढून पाहिले. अशा वेळी थराची केंद्रके कर्तनामुळे उपजतात, असे त्यांनी दाखविले. हा थर तंतू व बहुवारिक यांची पकड वाढवितो की नाही, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.