कात्रीखालचा यू

उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यात लेव्हन्स हॉल नावाची जुनी हवेली आहे. उन्हाळा सरत आला की तिच्या बागेत शिड्या लागतात, परांच्या चढतात आणि छाटणी सुरू होते. शंभरावर झाडे कापायची असतात. कुणाला न्यायाधीशाच्या टोपाचा आकार आहे, कुणाला बुद्धिबळातल्या मोहऱ्यांचा. कुठे सिंह आहे, कुठे दोन माणसे उभी राहतील एवढ्या छत्र्या. सप्टेंबरात लागलेला हात हिवाळ्यातच कुठे मोकळा होतो.

यातली बहुतेक झाडे यू या सदाहरित वृक्षाची. पाने इंचभर लांब, चपटी, वरून काळपट हिरवी आणि खालून फिकी. यंदाची फूट तेवढी उजळ दिसते. माळी तीच उडवतो आणि गेल्या वर्षीचा गडद थर उघडा पडला की हात आवरतो. जरा खोल गेला तर आतल्या तपकिरी काड्या दिसू लागतात आणि सिंहाच्या पाठीला खड्डा पडतो. खड्डा भरतो, पण त्याला दोन-तीन वर्षे जातात. यू वाढतो वर्षाला जेमतेम वीतभर. हा सावकाशपणाच माळ्याला हवा असतो, कारण एकदा दिलेला आकार वर्षभर मोडत नाही.

यूचा दुसरा गुण त्याहून मोलाचा. पाइन किंवा सरू जुन्या लाकडापर्यंत छाटला तर ती बाजू कायमची बोडकी राहते. यूचे तसे नाही. दीडशे वर्षांचे सुटलेले कुंपण एका बाजूने पार खोडापर्यंत कापावे, ती बाजू फुटली की दोन-तीन वर्षांनी दुसरी कापावी. उघड्या, वाळक्या दिसणाऱ्या खोडातून कोंब बाहेर येतात आणि भिंत पुन्हा उभी राहते. पाणी साचलेली जमीन एवढीच त्याची मोठी तक्रार. तिथे मुळे कुजतात.

झाडे कातरून आकार देण्याची हौस रोमन काळापासूनची आहे. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने आपल्या डोंगराळ भागातल्या वाड्याचे वर्णन करताना बॉक्सच्या झुडपांत कातरलेली अक्षरे आणि प्राणी यांचा उल्लेख केला आहे. तिथे यू नव्हता. इंग्लंडातही आधी बॉक्स आणि सरू यांचाच मान होता. यूची ओळख वेगळी होती: चर्चच्या आवारातले, थडग्यांवर सावली धरणारे झाड आणि लांब धनुष्याचे लाकूड. पण सरू इंग्लंडच्या कडक थंडीत करपून जाई. सतराव्या शतकातला वृक्षप्रेमी लेखक जॉन एव्हलिन यूच्या बाजूने उभा राहिला. कुंपणासाठी यू वापरायची रीत आपणच पाडली, असे त्याने लिहून ठेवले आहे. दावा थोडा मोठा असेल, पण लोकांनी त्याचे ऐकले हे नक्की.

लेव्हन्सची बाग १६९४ मध्ये आखली गेली. मालक होता कर्नल जेम्स ग्रॅहम आणि आखणी करणारा फ्रेंच माळी गियोम ब्युमाँ. तेव्हा सगळ्या श्रीमंत घरांना असल्या बागा हव्या होत्या. मग वारे फिरले. १७१३ मध्ये कवी अलेक्झांडर पोप याने एका नियतकालिकात कातरलेल्या झाडांची अशी काही टर उडवली की ही हौस हास्यास्पद ठरली. पुढे ‘केपेबिलिटी’ ब्राऊनसारख्या उद्यानरचनाकारांनी भूमितीच पुसून टाकली. सरळ कुंपणे उपटली, त्यांच्या जागी हिरवळीचे उतार आणि तळी आली. शेकडो बागा अशा गेल्या. लेव्हन्स वाचली, कारण पुढच्या वारसांची मुख्य घरे दुसरीकडे होती आणि ही बाग मोडून नवी करण्याची कुणाला घाई नव्हती.

पण नुसती न मोडता बाग टिकत नाही. कात्री थांबली की दहा-पंधरा वर्षांत सिंहाचे झाड होते. १८१० च्या सुमारास अलेक्झांडर फोर्ब्स नावाचा मुख्य माळी आला आणि अर्धे शतक तिथेच राहिला. त्याने जुनी झाडे पुन्हा आकारात आणली, नवी लावली, गडद हिरव्यात सोनेरी यू मिसळला. आज पर्यटक जे बघायला जातात त्यात त्याचा वाटा ब्युमाँइतकाच आहे. दारावरच्या पाटीवर मालकाचे नाव असले तरी यूचा इतिहास मुळात माळ्यांचा इतिहास आहे.

याचा उत्तम दाखला आयर्लंडात सापडतो. अठराव्या शतकात फर्मना परगण्यातल्या जॉर्ज विलिस नावाच्या कुळाला डोंगरात यूची दोन विचित्र रोपे दिसली. फांद्या आडव्या पसरायच्या सोडून सरळ वर गेलेल्या, सगळे झाड खांबासारखे आटोपशीर. एक त्याने आपल्या दारी लावले, दुसरे जमीनदाराला फ्लॉरेन्स कोर्टच्या वाड्यावर नेऊन दिले. विलिसचे झाड पुढे गेले, वाड्यावरचे अजून उभे आहे. या जातीचे बी पेरले तर आईसारखे रोप येत नाही, म्हणून फांद्यांची कलमे करावी लागतात. जगभरच्या उद्यानांत आणि दफनभूमींत दिसणारा तो उभट आयरिश यू या एकाच झाडाच्या फांद्यांवरून आला.

अमेरिकेत अडचण निराळी होती. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात इंग्रज यू तग धरेना. तिथे एकोणिसाव्या शतकात जपानी यू पोचला. तो थंडीला काटक होता, पण इंग्रज यूची डौलदार गर्द पाने त्याला नव्हती. १९०० च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या वेल्झली इथे हनवेल घराण्याच्या बागेत टी. डी. हॅटफील्ड या माळ्याने दोघांच्या संकरातून रोपे वाढवली. आज अमेरिकेत घरापुढे दाट, बुटके यूचे कुंपण दिसले तर बहुधा ते याच संकराच्या कुळातले असते.

यूची पाने आणि बिया विषारी. बियांभोवतीचा लाल गर तेवढा निरुपद्रवी. वाळलेली कात्रण खाऊनही घोडी आणि गुरे दगावतात, म्हणून छाटणीनंतर कुंपणाखालचा कचरा काडी न् काडी गोळा करायची शिस्त पूर्वीपासून आहे. याच विषारी कुळात पुढे औषधही सापडले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक यूची साल गोळा झाली. तिच्यातला कर्करोगविरोधी घटक नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हाच टॅक्सॉल. वाणींचा जन्म नंदुरबारचा, सुरुवातीचे शिक्षण मुंबई विद्यापीठातले. खानदेशात यूचे एक झाड नाही, पण यूच्या गोष्टीतले सर्वांत मोठे पान तिथल्या माणसाच्या नावावर आहे, आणि मराठी वाचकांना ते फारसे माहीत नसावे याची खंत वाटते.

साल काढली की झाड मरते आणि सालीत औषध अगदी थोडे. जंगले अशी संपली असती. हिमालयातल्या थुनेरची, म्हणजे यूच्याच भावंडाची, या मागणीपायी फार हानी झाली. वाट काढली फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. इंग्रज यूच्या पानांतून मिळणाऱ्या एका द्रव्यापासून प्रयोगशाळेत असे औषध बनवता येते, हे त्यांनी दाखवले. पाने काढली तरी झाड जगते आणि पुन्हा फुटते.

ग्लॉस्टरशरमधल्या सायरनसेस्टर इथे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेले यूचे कुंपण आज सुमारे १२ मीटर उंच आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस माळी यंत्राच्या पाळण्यात चढून ते छाटतात. खाली पडलेली कोवळी कात्रण गोळा करून औषधासाठीही पाठवली गेली आहे.