देखरेख : पाळत कीं पाठबळ ?

दुःखिताचे अश्रू पुसणारांचे हात कधीं थकत नाहींत, अशी एक भाबडी समजूत आहे. ते थकतात, आणि कधीं कधीं कठोरहि होतात. या थकव्यावर समाजसेवेनें जो उपाय शोधून काढला, त्याचें नांव देखरेख.

१८६५ सालीं ऑक्टेव्हिया हिल या बाईंनीं रस्किन यांच्या पैशानें लंडनच्या मॅरिलबोन भागांतील तीन मोडकळीस आलेलीं घरें हातीं घेतलीं. धन्याला शेंकडा ५ प्रमाणें परतावा मिळावा आणि भाडेकरूंना माणुसकीनें वागविलें जावें, असा त्यांचा दुहेरी बेत होता. दर आठवड्यास भाडें गोळा करावयास त्या जात. घरें वाढलीं तशा सहकारिणी आल्या. वसुलीबरोबरच माणसें जोडण्याचा धडा या स्त्रियांना हिलबाईंच्या हाताखालीं मिळाला.

पुढें १८६९ मध्यें लंडनला आणि १८७७ मध्यें अमेरिकेंतील बफेलो येथें धर्मादायाची व्यवस्था लावणारीं मंडळें निघालीं. सुखवस्तु घरांतील स्वयंसेवक गरिबांच्या दारीं जात व हितोपदेश करीत. मदतीस पात्र कोण आणि अपात्र कोण, इकडेच त्यांचें लक्ष अधिक. उत्साह ओसरला कीं पुष्कळजण काम सोडीत. ते टिकावे आणि मंडळाचा पैसा योग्य ठिकाणीं पडावा, म्हणून पगारी कार्यकर्ते त्यांचीं टिपणें तपासूं लागले, अडचणींत सल्ला देऊं लागले. देखरेखीचा उगम तो हा. त्यांत शिस्त होती, शिकवण होती आणि गरिबाविषयींचा थोडा संशयहि होता.

१८९७ सालीं मेरी रिचमंड यांनीं या कामासाठीं स्वतंत्र शाळेची मागणी केली. दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कला उन्हाळी वर्ग भरला. १९३६ सालीं व्हर्जिनिया रॉबिन्सन यांनीं देखरेखीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची शाळा सुरू झाली. १९७६ मध्यें आल्फ्रेड काडुशिन यांनीं देखरेखीचीं तीन अंगें सांगितलीं : कामाची व्यवस्था, शिक्षण आणि मनाला आधार.

यांतील तिसऱ्या अंगाचाच विसर लवकर पडतो. हजेरी व नोंदवही पाहणें सोपें. दिवसभर इतरांचीं दुःखें ऐकून आलेल्या माणसाचें ऐकून घेणें कठीण. पण जेथें केवळ वही तपासली जाते, तेथें सेवक वही भरावयास शिकतो. त्याची किंमत वरिष्ठ मोजीत नाहीं. ती मोजतो दाराशीं आलेला गरजू.