वस्तऱ्याचा पट्टा : पारख आणि ऋण

आपल्या धोकटीतील साहित्याची गणना करू लागल्यास वस्तरा, कातर, नहरणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी आणि धारेचा दगड ही नावे कोणाच्याही मुखी सहज येतात. या मालिकेत बहुधा सर्वांत शेवटी आठवणारी वस्तू म्हणजे वस्तरा घासावयाचा कातडी पट्टा. संतशिरोमणी सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचे रूपक योजून जो सुप्रसिद्ध अभंग रचिला, त्यात आरसा आहे, चिमटा आहे. पट्ट्याचे नाव मात्र तेथेही आलेले नाही. वस्तुतः वस्तऱ्याचे आयुष्य आणि कारागिराचे नाव ही दोन्ही ज्या वस्तूवर अवलंबून होती, तिचा वृत्तान्त आपल्या स्मरणिकेत एकवार नोंदला जावा, या हेतूने हा लेखप्रपंच केला आहे. भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या दोन्ही जिल्ह्यांतील समाजबांधवांच्या घरी हा पट्टा एके काळी खुंटीला टांगलेला असे.

प्राचीन उल्लेख

वस्तऱ्यास संस्कृतात क्षुर म्हणतात. ऋग्वेदाच्या आठव्या मंडळात आम्हांस क्षुराप्रमाणे धार लावावी, अशी प्रार्थना आढळते. त्या ऋचेतील 'भुरिज्' या शब्दाने धार लावण्याचे कोणते साधन अभिप्रेत आहे, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. परंतु धार काढणे ही स्वतंत्र कला होती आणि तिला स्वतंत्र साधन लागत असे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. पुढे बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना क्षौराचे साहित्य बाळगण्याची अनुज्ञा दिलेली असून, त्यात वस्तऱ्याबरोबर धारेचा दगड, वस्तऱ्याचे म्यान व लोकरी नमदा यांचा निर्देश आहे. या विनयाचे पठण पहिल्या धर्मसंगीतीत ज्या उपाली स्थविरांनी केले, ते पूर्वाश्रमीचे शाक्यकुळाचे नापित होते, हे आपल्या समाजाने अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. मुंडन हा ज्यांच्या आचारधर्माचा भाग, अशा भिक्षूंचा वावर वैनगंगेच्या काठी दोन सहस्र वर्षांपूर्वी होता. तेव्हा क्षौरकर्माची कलाही या भूमीस तितकीच जुनी परिचित असली पाहिजे.

दगड आणि पट्टा

दगड व पट्टा ही दोन्ही धारेचीच साधने असली, तरी त्यांचे कार्य निराळे आहे. दगड पोलाद झिजवून धार घडवितो; पट्टा घडलेली धार सरळ करून राखतो. दाढीचा केस दिसावयास मृदू, परंतु वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की एका दाढीतच ती जागोजाग किंचित वाकते. हे वाकणे डोळ्यांस दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या गालास मात्र ते कळते. अशा वेळी कातड्यावरून वस्तरा फिरविला असता वाकलेली कड पुनः रेषेत येते. जो कारागीर प्रत्येक वेळी दगडाकडेच धाव घेई, त्याचा वस्तरा थोड्या वर्षांत झिजून सुरीसारखा अरुंद होई. ज्याच्या हाती पट्टा चांगला, त्याचा वस्तरा मुलाच्या हाती सुस्थितीत जाई. वस्तरा वारसाने मिळे, तो पट्ट्याच्या कृपेने.

गावोगाव फिरून हजामत करणारे पुष्कळ वृद्ध कारागीर केवळ डाव्या तळहातावर वस्तरा फिरवून काम भागवीत. गावच्या लोहाराने घडविलेला देशी वस्तरा जाड व तुलनेने मऊ असे. त्यास तळहात पुरे. परंतु १८६७ साली मुंबईहून नागपुरास आगगाडी आली, आणि १८८०-८२ च्या सुमारास छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून निघाला. दूरचा माल आपल्या बाजारांत सुलभतेने येऊ लागला. इंग्लंडातील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन येथील पोकळ घडणीचे, कठीण पोलादाचे विलायती वस्तरे जसजसे हाती आले, तसतशी चांगल्या पट्ट्याची निकडही वाढली. कारण अशा वस्तऱ्याची कड अधिक पातळ, आणि म्हणून अधिक नाजूक असते.

पट्ट्याची पारख

पट्टा निवडताना पहिली गोष्ट पाहावयाची ती कातड्याची जागा. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट व सारख्या जाडीचे असते. पोटाचे सैल असून ताणल्यास लांबते. लांबणारा पट्टा मध्ये झोळ खातो, आणि झोळावर फिरलेल्या वस्तऱ्याची धार गोल होते. गाई-बैलाचे कातडे बारीक पोताचे व गुळगुळीत. म्हशीचे जाड, टिकाऊ, पण खरबरीत पोताचे, म्हणून ते अधिक घोटावे लागते. युरोपात घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यास विशेष मान असे.

दुसरी गोष्ट कमावणीची. झाडाच्या साली व फळांनी कमावलेले कातडे पट्ट्यास उत्तम. हिरडा, बाभूळ व तरवड ही कातडे कमावण्याची नामांकित साधने. ऐनाची सालही त्या कामी येते, आणि हिरडा व ऐन तर आपल्या जिल्ह्याच्या रानांतलेच वृक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोम नावाच्या क्षाराने कातडे कमावण्याची त्वरित रीत निघाली. असे कातडे मऊ व लवचिक असल्याने जोड्यांच्या वरच्या भागास चांगले. परंतु पट्ट्यास ते ताण देते. ओळखावे कसे? कापलेली कड पाहावी. सालीने कमावलेल्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी दिसते, क्रोमच्या कातड्याची बहुधा निळसर करडी. शिवाय पाण्याचा एक थेंब टाकला असता सालीचे कातडे तो शोषून त्या जागी काळवंडते.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. डोळे मिटून अंगठा कातड्यावरून सावकाश न्यावा. गोचिडाचा व्रण, चाबकाचा वळ, डागणीची खूण, मांसल बाजूची सुटलेली शीर, यांपैकी काहीही बोटास लागल्यास तो तुकडा टाकून द्यावा. जे बोटास लागते ते धारेस दसपट लागते. चौथी गोष्ट ओढीची. चांगल्या पट्ट्यावर वस्तरा ना निसटतो ना अडकतो. तळहात फिरविताना किंचित धरल्यासारखे वाटते, तेवढीच ओढ हवी. मापाविषयी म्हणावयाचे तर लांबी दीड ते दोन फूट आणि रुंदी दोन ते तीन इंच असावी. पाते तीन इंचांच्या आसपास असल्याने अरुंद पट्ट्यावर वस्तरा तिरपा ओढावा लागतो, रुंदावर सरळ चालतो. मागे जाड सुती कापडाची पट्टी जोडलेली असल्यास फारच उत्तम. आधी कापडावर, मग कातड्यावर, असा क्रम ठेवावा.

वापरताना पट्टा ताठ धरावा, वस्तऱ्याची पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढावा, आणि टोकास पोहोचल्यावर पाठीवरच उलटावा. नवशिका धारेवर उलटवितो आणि पट्ट्यास चीर पाडतो. म्हणून शिकाऊ मुलाच्या हाती जुना पट्टाच द्यावा. जोर लावू नये. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. तेल फार चोळू नये, तळहाताची ऊब व स्निग्धता हेच पट्ट्याचे नित्य पोषण. आपल्याकडील धानाच्या मुलुखातील पावसाळा दमट. त्या दिवसांत पट्ट्यास बुरशी चढते, म्हणून तो कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर टांगावा, चुलीजवळ कधीही ठेवू नये.

ज्याच्या हातून पट्टा आला

येथवर वस्तूचा विचार झाला. परंतु इतिहास लिहावयाचा तर वस्तू ज्याच्या हातून आली त्याचाही विचार केला पाहिजे. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणे, चुन्यात व सालीच्या पाण्यात ते दिवसेंदिवस भिजविणे, घासणे व घोटणे, हे सर्व श्रम ज्यांनी केले त्यांस गावाने वेशीबाहेर ठेविले. चर्मकार आणि आपण, दोघेही बारा बलुतेदारांतले. दोघांचाही मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात ही सारी व्यवस्था वर्णिलेली आहे. असे असता, ज्याने कमावलेल्या कातड्यावर आपल्या वस्तऱ्यास रोज धार येई, त्याच्याच मस्तकास तो वस्तरा लागू नये, असा गावाचा दंडक होता आणि आपल्या पूर्वजांनी तो पाळला. गावाच्या धाकाने पाळला असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि पाळला, हे नाकारता येणार नाही.

या दंडकाची झळ काय असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. साताऱ्यास बालपणी त्यांचे केस कापावयास कोणी न्हावी तयार नसे. ते काम त्यांची वडील बहीण करी. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते. तीत त्यांना यश आले नाही. पुढच्याच वर्षी अस्पृश्यता (अपराध) अधिनियम संमत होऊन १ जून १९५५ पासून अमलात आला, आणि अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तोच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो.

वस्तरा खाली ठेवण्याचा एक उज्ज्वल प्रसंगही आपल्या इतिहासात आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार तेथे जाहीर झाला. पोटावर पाय येईल हे जाणून त्या कारागिरांनी अन्यायास नकार दिला. नाभिकाचा नकार समाजास हलवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणूनच जेथे तो नकार अन्यायाच्या बाजूने वापरला गेला, त्याची नोंद आपल्याच स्मरणिकेत आपल्याच हातांनी होणे उचित आहे. ज्या घरी जुना पट्टा असेल, त्या घरच्या मुलांना तो कोणी कमावला हेही सांगितले जावे.

पट्ट्याचा अस्त

अमेरिकेत किंग जिलेट यास १९०४ साली सुटे पाते बसविण्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांस असे रेझर वाटले गेले, आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय जगभर पसरली. तरीही आपल्या दुकानांत वस्तरा व पट्टा पुढे अनेक दशके टिकले. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली; त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा नियम हळूहळू सर्वत्र रूढ झाला. हा बदल योग्यच झाला. आता वस्तऱ्याच्या मुठीत अर्धे पाते बसते, काम होताच टाकले जाते, आणि पट्ट्याचे प्रयोजन उरत नाही. दुकानात पुनः पट्टा टांगावा, असे कोणी सुचविणार नाही.

परंतु जे व्यवहारातून गेले ते स्मरणातूनही जाऊ देणे योग्य नव्हे. माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या धोकटीत एखादा पट्टा अद्याप असेल, तर तो टाकून देऊ नये. कोरड्या फडक्याने पुसून, त्यावर घरातील ज्या कारागिराने तो वापरला त्यांचे नाव व गाव लिहून ठेवावे. वृद्ध मंडळींकडून पारखेचे चार शब्द ऐकून वहीत उतरवून घ्यावेत. एकेका घराण्याच्या हाताची रीत निराळी असते आणि ती माणसाबरोबर जाते. तरुणांनी आधुनिक साधने अवश्य वापरावीत, दुकान स्वच्छ ठेवावे, आणि आपल्या खुर्चीवर येणाऱ्या प्रत्येकाचे मस्तक सारख्याच आदराने हाती घ्यावे. त्या जुन्या पट्ट्याचे ऋण आपल्याकडून फिटावयाचे ते याच मार्गाने.

इत्यलम्.